घरातल्या झाडाला फूल आणायचं तर: उष्णकटिबंधीय फुलझाडांची खिडकीतली जोपासना

फुललेलं अँथुरियम घरी आणलं की पहिले दोन महिने सगळं छान चालतं. लाल, मेणचट फुलं टिकून राहतात, पानं तुकतुकीत दिसतात. मग फुलं हिरवट होऊन सुकतात आणि त्यानंतर वर्ष उलटलं तरी झाड नुसती पानं देत राहतं. पाणी वेळच्या वेळी घातलेलं, खत दिलेलं, झाडही जिवंत, फक्त फूल नाही. घरात फुलझाडं लावणाऱ्या बहुतेकांची हीच तक्रार असते. माझीही बरीच वर्षं हीच होती आणि दर वेळी मी खत बदलून बघायचे. शेवटी लक्षात आलं की कुंडी खिडकीपासून आठ फुटांवर होती आणि अडचण तेवढीच होती.

झाडाच्या हिशोबात पान कमावतं आणि फूल खर्च करतं. ज्या उजेडात जेमतेम पोटापुरती कमाई होते, तिथे झाड पानं राखतं आणि फुलाचा बेत पुढे ढकलत राहतं. जगायला लागणारा उजेड आणि फुलायला लागणारा उजेड यांत काही पटींचा फरक असतो. म्हणून या लेखात पाणी, खत, इतकंच काय झाडाची निवडसुद्धा उजेडाच्या नंतर येते. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या.

पायरी १: झाड आणण्याआधी खिडकी मोजा

आपला डोळा उजेड मोजायच्या कामाचा नाही. बाहुली लहान-मोठी होते, उरलेला फरक मेंदू सांभाळून घेतो, आणि खिडकीचा काठ नि खोलीचा मधला भाग आपल्याला जवळजवळ सारखेच उजळ वाटतात. भर दुपारी उघड्या उन्हात साधारण १ लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. समोर मोकळं आकाश आहे पण ऊन थेट येत नाही, अशा खिडकीच्या काठावर तो काही हजारांवर येतो. तिथून दोन मीटर आत सरकलं की काही शेच उरतो. एवढ्या उजेडात आपण आरामात पेपर वाचतो, त्यामुळे झाडालाही तो पुरत असेल असं वाटतं. फॅलेनॉप्सिस ऑर्किडला नीट फुलायला १० ते १५ हजार लक्स लागतात आणि आफ्रिकन व्हायोलेटला १० हजारांच्या आसपास.

मोबाइलवर लक्स मोजणारी अ‍ॅप मिळतात. आकडा अगदी अचूक नसला तरी दोन जागांची तुलना करायला ती उत्तम. पान जिथे येणार तिथे, त्याच उंचीवर फोन धरा. उजेड टिपणारा सेन्सर बहुतेक फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याशेजारी असतो, ती बाजू खिडकीकडे करा. सकाळी, दुपारी आणि उन्हं उतरताना असे तीन आकडे घ्या, एकदा स्वच्छ दिवशी आणि एकदा ढगाळ दिवशी, आणि ते वहीत लिहून ठेवा.

फोन नको असेल तर सावली बघा. दुपारच्या सुमारास झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर एक फूट उंचीवर हात धरा. बोटं वेगळी दिसणारी, काठ रेखीव असलेली गडद सावली पडली तर उजेड भरपूर आहे. काठ पुसट पण हाताचा आकार ओळखू येतोय, तर मध्यम. नुसताच धूसर डाग दिसला तर तिथे फूल येणार नाही, पानांची झाडं ठेवा.

दिशेबद्दल थोडक्यात. पूर्वेची खिडकी सर्वांत गुणी. सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास मिळतं आणि पानं भाजत नाहीत. पश्चिमेचं ऊन हवा तापलेली असताना येतं, म्हणून तिथे झिरझिरीत पडदा लावा. उत्तर गोलार्धात दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात सर्वांत जास्त ऊन देते आणि उत्तरेची जवळजवळ देतच नाही. पण समोर उंच भिंत किंवा दाट झाड असेल तर दिशेला अर्थ राहत नाही, म्हणूनच मोजायचं. आणि काच पुसा. धुळकट तावदान नि जाड जाळी मिळून बराच उजेड गिळतात.

खिडकी कमी पडत असेल तर एलईडी दिवा लावायला मागेपुढे पाहू नका. जांभळा दिवाच हवा असं काही नाही. साधा पांढरा, ४००० ते ६५०० केल्विनचा (हा आकडा उजेडाची रंगछटा सांगतो, खोक्यावर लिहिलेला असतो) एलईडी चालतो आणि त्याखाली पानांचा खरा रंग दिसत असल्याने रोगही लवकर कळतो. दिवा पानांपासून २५ ते ३० सेंटिमीटरवर, टायमर लावून १२ ते १४ तास. रात्रभर चालू ठेवू नका, अंधारही झाडाची गरज आहे. माझी व्हायोलेटं खिडकीत वर्षातून एक-दोनदा फुलायची. दिव्याखाली आणल्यापासून जवळजवळ कायम फुललेली असतात.

पायरी २: त्या खिडकीला मानवेल असं झाड निवडा

‘उष्णकटिबंधीय’ म्हटलं की सगळ्यांना दमट, उबदार, अर्धवट सावली हवी असं आपण धरून चालतो. पण जंगलात प्रत्येकाची जागा वेगळी असते. फॅलेनॉप्सिस झाडाच्या फांदीला धरून राहतं, त्याच्या मुळांना माती माहीतच नाही. होयाचे वेल आणि बरीच ब्रोमेलिएड्‌स (अननसाच्या कुळातली झाडं) तशीच, झाडांच्या आधाराने वाढणारी. आफ्रिकन व्हायोलेट टांझानियाच्या उसांबारा डोंगरांतल्या सावलीतल्या, ओलसर कातळांच्या फटींतलं. तिथल्या एका जर्मन अधिकाऱ्याने १८९२ च्या सुमारास त्याचं बी मायदेशी पाठवलं आणि त्याच्याच नावावरून या झाडाला पुढे ‘सेंटपॉलिया’ म्हणू लागले. पीस लिली रानाच्या जमिनीवरची, कमी उजेड सोसणारी. जास्वंद आणि मोगरा मात्र उघड्या उन्हाची झाडं आहेत.

पूर्वेची किंवा तशीच उजळ, कडक ऊन न येणारी खिडकी असेल तर फॅलेनॉप्सिस, आफ्रिकन व्हायोलेट, अँथुरियम, होया आणि गुझमेनियासारखी ब्रोमेलिएड यांतून निवडा. पहिलंच झाड असेल तर माझं मत फॅलेनॉप्सिसला. ऑर्किड नाजूक हा समज जुना आहे. हे झाड पाणी विसरणाऱ्याला सांभाळून घेतं, आणि एकदा फुललं की दोन-तीन महिने फुललेलंच राहतं.

खिडकीत रोज निदान चार तास थेट ऊन येत असेल तरच जास्वंद, मोगरा किंवा इक्झोरा आणा. त्याहून कमी उन्हात ही झाडं उंच, किडकिडीत होतात आणि लाल कोळ्यांना, म्हणजे पानांतला रस शोषणाऱ्या बारीक किडीला, आमंत्रण देतात. उजेड कमी असेल तर पीस लिली, पण तिच्याबद्दल एक गोष्ट माहीत असावी. विक्रीला येणाऱ्या पीस लिलीवर उत्पादक बरेचदा जिबरेलिक आम्ल हे वाढीचं संप्रेरक फवारतात, त्यामुळे कोवळ्या रोपांनाही एकदम फुलं लागतात. तसा बहर घरात पुन्हा मिळत नाही. वर्षाला मोजकी फुलं आली तर झाड मजेत आहे असं समजा.

घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर निवड आणखी काळजीने करा. अँथुरियम आणि पीस लिलीच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते. कलांचो हे जाड पानांचं फुलझाड त्याहून वाईट, त्यातली द्रव्यं प्राण्यांच्या हृदयावर परिणाम करतात. फॅलेनॉप्सिस, आफ्रिकन व्हायोलेट आणि होया निर्धास्त ठेवता येतात.

पायरी ३: पहिले पंधरा दिवस वेगळं ठेवा

नवीन झाड थेट जुन्या झाडांच्या रांगेत लावू नका. पंधरा दिवस दुसऱ्या खोलीत, उजळ जागी ठेवा आणि दर दोन-तीन दिवसांनी पानांची खालची बाजू नि पान-खोडाचे सांधे भिंगाने बघा. पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसाच्या पुंजक्यासारखी दिसणारी पांढरी कीड, सांध्यांत लपतो आणि त्याची पिल्लं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

या काळात खत नको, कुंडी बदलणं नको. दोन-चार जुनी पानं पिवळी पडली तर पडू द्या. पॉलीहाउसच्या उजेडातून आणि दमटपणातून झाड घरात आलंय, त्याला रुळायला वेळ लागतो.

एक गोष्ट मात्र नंतर नक्की तपासा. बरीच रोपं लहानपणी मुठीएवढ्या स्पंजसारख्या गोळ्यात किंवा कापडी जाळीत वाढवलेली असतात आणि तो गोळा तसाच मोठ्या कुंडीत ठेवून विकला जातो. बाहेरचं भरण (कुंडीत मातीऐवजी भरलेलं मिश्रण) कोरडं झालं तरी मधला गोळा ओला राहतो आणि तिथली मुळं कुजतात. बाहेरून सगळं ठीक दिसणारं झाड सहा महिन्यांनी अचानक माना टाकतं, त्यामागे बरेचदा हे कारण असतं. पहिली कुंडी बदलताना ती जाळी कापून, गोळा हलक्या हाताने मोकळा करून काढून टाका.

पायरी ४: कुंडी आणि भरण

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. बागेतली माती कुंडीत दाबून बसते आणि हवेच्या जागा बुजवते, म्हणून ती घरातल्या कुंडीत नको. मी वापरते ती प्रमाणं अशी:

अँथुरियम आणि ब्रोमेलिएड: ऑर्किडसाठीची झाडाची साल २ भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) १, परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) १, थोडे लोणारी कोळशाचे तुकडे.
आफ्रिकन व्हायोलेट: कोकोपीट १ भाग, परलाइट १ भाग. हे भरण हलकंच हवं.
पीस लिली, होया: कोकोपीट २, परलाइट १, गांडूळखत १. होयाला यातच मूठभर साल.
जास्वंद, मोगरा: कोकोपीट २, गांडूळखत २, परलाइट किंवा जाड वाळू १.
फॅलेनॉप्सिस: फक्त साल आणि कोळसा. कोकोपीट नाही, माती तर नाहीच.

कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या, त्यात बरेचदा क्षार असतात.

कुंडीच्या तळाला खडे घातले की निचरा चांगला होतो, हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं आणि ते बरोबर नाही. जाडसर खड्यांच्या थरापर्यंत पोचलेलं पाणी बारीक भरणातून सहज खाली उतरत नाही, ते भरणाच्या तळाशी अडून बसतं. खडे घातल्याने तो ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ, वर सरकतो. घरी पडताळून बघता येईल. जाड स्पंज भिजवून आडवा धरा, पाणी गळायचं थांबेपर्यंत थांबा, मग तोच स्पंज उभा करा. आणखी पाणी गळेल. उंची वाढली की निचरा वाढतो. म्हणून खडे टाकून भरणाची उंची कमी करू नका. भोकं मोठी ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून जाळीचा तुकडा पुरतो.

नवी कुंडी जुनीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटरनेच रुंद घ्या. मोठ्या कुंडीतलं जास्तीचं भरण मुळं पोचेपर्यंत ओलं राहून आंबतं. व्हायोलेटची कुंडी तर पानांच्या घेराच्या एक तृतीयांश हवी, मुळांना थोडी दाटी झाली की ते फुलतं. फॅलेनॉप्सिसला पारदर्शक प्लास्टिकची कुंडी द्या. त्याची मुळं हिरवी असतात आणि उजेडात अन्नही तयार करतात, शिवाय आत ओल किती आहे ते तुम्हाला दिसतं.

पायरी ५: पाणी, वार ठरवून नको

‘आठवड्यातून दोनदा’ असा नियम कुठल्याही झाडाला लागू पडत नाही. उन्हाच्या आठवड्यात कुंडी तीन दिवसांत सुकते, ढगाळ आठवड्यात दहा दिवस ओली राहते. बोटाचं एक पेर भरणात खुपसून बघा. त्याहून चांगलं म्हणजे कुंडी उचला. पाणी घातल्यावर लगेच एकदा आणि दोन दिवसांनी एकदा असं उचलत राहिलात तर आठ-दहा वेळांत हाताला वजन कळायला लागतं, मग बोट घालायची गरज उरत नाही.

पाणी घालायचं तेव्हा भरपूर घाला, खालून वाहून जाईपर्यंत. बशीत साठलेलं पाणी पंधरा-वीस मिनिटांनी ओतून टाका. शोभेच्या बाहेरच्या कुंडीत तळाशी साचलेलं पाणी दिसत नाही आणि झाडं मरायचं ते फार मोठं कारण आहे, म्हणून झाड बाहेर काढून पाणी घालायची सवय लावून घ्या.

झाडाने माना टाकल्या की आपला हात आपोआप झारीकडे जातो. थांबा, आधी कुंडी उचला. हलकी असेल तर पाणी द्या, तासा-दोन तासांत झाड उभं राहील. जड असूनही पानं लोंबत असतील तर मुळं कुजली आहेत आणि पाणी वर चढतच नाही. अशा वेळी आणखी पाणी घातलं तर झाड गेलंच. झाड बाहेर काढा, मऊ तपकिरी मुळं निर्जंतुक कात्रीने कापा, टणक मुळं ठेवा आणि लहान कुंडीत ताज्या भरणात लावा.

फॅलेनॉप्सिसची मुळं स्वतःच सांगतात. त्यांच्यावर स्पंजासारखं आवरण असतं, ते ओलं असताना हिरवं आणि कोरडं झालं की रुपेरी दिसतं. सगळी मुळं रुपेरी झाली की पाणी. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी राहिलं तर कागदाने टिपून घ्या, शेंडा कुजला तर झाडाला दुसरा शेंडा सहसा फुटत नाही. व्हायोलेटच्या पानांवर गार पाणी पडलं की फिकट वलयं उठतात, ती जात नाहीत. खोलीच्या तापमानाचं पाणी खालून द्या, किंवा कुंडीच्या भोकातून नायलॉनची वात सोडून तिचं टोक पाण्याच्या डब्यात ठेवा. वातीवर वाढवायचं तर भरणात निम्मं परलाइट हवंच. ब्रोमेलिएडच्या मधल्या पेल्यात थोडं पाणी ठेवा आणि ते दर आठवड्याला बदला, नाहीतर डास होतात.

दमटपणाबद्दल सगळीकडे फार लिहिलं जातं आणि त्यातलं बरंचसं निरुपयोगी आहे. पिचकारीने फवारलेलं पाणी काही मिनिटांत उडून जातं. ओल्या खड्यांच्या ताटलीने फरक पडतो तो अगदी थोडा. झाडं एकत्र दाटीने ठेवणं, एसीच्या झोतापासून लांब ठेवणं आणि हवा फारच कोरडी असेल तर ह्युमिडिफायर लावणं, एवढंच खरं कामाचं. ५० ते ६० टक्के दमटपणा वर सांगितलेल्या सगळ्यांना पुरतो. त्याहून जास्त हवा असेल, लहान ऑर्किड किंवा छोटी व्हायोलेटं असतील, तर काचपेटी. तिची कल्पना लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ मध्ये सुचली. पतंगाचा कोष त्यांनी ओल्या मातीसह बंद बरणीत ठेवला होता आणि त्या मातीत आपोआप नेचा उगवला. शहराच्या धुरकट हवेत त्यांच्या बागेत नेचे जगत नव्हते, बंद बरणीत मात्र तो जगला. १८३३ मध्ये अशाच काचपेट्यांतून त्यांनी झाडं जहाजाने सिडनीला पाठवली आणि ती जिवंत पोचली. आज आपल्या खिडकीत असलेल्या कितीतरी झाडांचे पूर्वज अशाच पेट्यांतून समुद्र ओलांडून गेलेले आहेत.

तापमानाचं एका वाक्यात: १८ ते २९ अंश सेल्सियस चांगलं, १५ च्या खाली वाढ थांबते, १० च्या खाली पानं खराब होतात.

पायरी ६: खत, थोडं पण नेमाने

कोकोपीट आणि साल यांत पोषण जवळजवळ नसतंच, त्यामुळे खत द्यायलाच हवं. १९:१९:१९ सारखं (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) पाण्यात विरघळणारं समतोल खत पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या चौथाई प्रमाणात दर दहा दिवसांनी पुरतं. नवं पान किंवा कळी येत नसेल त्या काळात निम्म्यावर आणा. कोरड्या कुंडीत खत घालू नका, आधी साधं पाणी. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढा, म्हणजे साठलेले क्षार वाहून जातात. भरणावर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी पापडी दिसू लागली तर धुणं राहून गेलंय.

‘फुलांसाठी खास’ म्हणून मिळणाऱ्या जास्त स्फुरदाच्या खतांवर माझा भरवसा नाही. उजेड कमी असलेल्या झाडाला स्फुरद देऊन कळी येत नाही, आणि जास्वंदीला तर जादा स्फुरद मानवतच नाही, तिला पालाश हवं. आरओचं पाणी वापरत असाल तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगळं द्यावं लागतं, कारण त्या पाण्यात ते उरलेलं नसतं.

पायरी ७: कळी धरायला लावणं

उजेड, पाणी, खत जागेवर असूनही काही झाडं इशाऱ्याची वाट बघतात, आणि प्रत्येकाचा इशारा वेगळा असतो.

अँथुरियम सरळमार्गी आहे. त्याला इशारा लागत नाही. मोठं झालं की पुरेशा उजेडात जवळजवळ प्रत्येक नव्या पानाबरोबर एक फूल येतं. पान आलं आणि फूल नाही, तर झाड खिडकीकडे फूटभर सरकवा आणि पुढच्या दोन पानांपर्यंत वाट बघा. ज्याला आपण फूल म्हणतो ते रंगीत पान आहे, खरी फुलं मधल्या दांडीवर चिकटलेली बारीक टिंबं असतात. म्हणूनच ते सहा-आठ आठवडे टिकतं.

फॅलेनॉप्सिसला गारवा हवा. उन्हाळाभर पारा २८ च्या वर असेल तर ते पानं आणि मुळं वाढवतं, पण दांडा काढत नाही. पुढे पारा २५ च्या खाली उतरला, रात्री १७-१८ पर्यंत गेला आणि असे चार ते सहा आठवडे मिळाले की पानाच्या बगलेतून दांडा निघतो. पहिल्यांदा तो मूळ आहे की दांडा हे ओळखता येत नाही. मुळाचं टोक गोल आणि चकचकीत, दांड्याचं टोक चपटं, अंगठा वेगळा असलेल्या हातमोज्यासारखं, आणि तो उजेडाकडे वळतो. दांडा निघाल्यापासून फूल उमलायला दोन ते तीन महिने लागतात. या काळात कुंडी फिरवू नका. दांडा सतत दिशा बदलत राहतो आणि फुलांची ओळ वेडीवाकडी लागते.

कलांचो आणि हिवाळ्यात फुलणारं शलंबर्गेरा निवडुंग, दोघंही रात्रीची लांबी मोजतात. सलग १४ तास गडद अंधार, रोज, सहा आठवडे. मध्ये कुणी पाच मिनिटं दिवा लावला किंवा खिडकीतून रस्त्याचा दिवा आत आला की मोजणी चुकते. सर्वांत सोपं म्हणजे संध्याकाळी सहाला पुठ्ठ्याचं खोकं झाकायचं आणि सकाळी आठला काढायचं. शलंबर्गेरा ब्राझीलच्या जंगलातल्या झाडांवर वाढणारं आहे, वाळवंटातलं नाही, म्हणून त्याला इतर निवडुंगांसारखं सुकवू नका.

ब्रोमेलिएडचं गणित मला सर्वांत आवडतं. अननस याच कुळातला. पूर्ण वाढलेलं झाड वर्षानुवर्षं फुलत नसेल तर मधल्या पेल्यातलं पाणी ओतून टाका, झाडाशेजारी एक पिकलेलं सफरचंद ठेवा आणि दोन्ही मिळून पारदर्शक पिशवीत बांधून आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. पिकलेल्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि तोच या कुळाला फुलायचा इशारा देतो. दोन-तीन महिन्यांत मधून फुलोरा वर येतो. झाड कोवळं असेल तर मात्र हा प्रयोग करू नका, कारण एक रोप आयुष्यात एकदाच फुलतं.

होया धीराची परीक्षा बघतो. कलमापासून लावलेल्या वेलाला फूल यायला तीन-चार वर्षंही लागतात. फुलं गळून गेल्यावर उरणारा आखूड दांडा कधीच कापू नका, पुढच्या वर्षी त्याच दांड्यावर पुन्हा गुच्छ येतो. लांबच लांब निघालेली बिनपानांची टोकंही तशीच राहू द्या.

मोगरा आणि जास्वंद नव्या फुटीवर कळ्या धरतात, म्हणजे छाटल्याशिवाय बहर नाही. थंडी ओसरताना मोगऱ्याला आठ-दहा दिवस पाण्याचा ताण द्या, मग एक तृतीयांश छाटा, उरलेली पानंही काढून टाका, आणि ताजं खत देऊन पाणी सुरू करा. जास्वंदीचा प्रत्येक फांदीचा शेंडा बाहेरच्या दिशेच्या डोळ्यावर छाटा. अर्थात दोघांनाही ऊन असेल तरच.

पायरी ८: कळ्या गळतात तेव्हा, आणि कीड

कळ्या धरल्या आणि वाटाण्याएवढ्या होऊन पिवळ्या पडून गळल्या, याइतकं वाईट दुसरं काही वाटत नाही. चार गोष्टी तपासा. झाडाची जागा नुकतीच बदलली का? एकदा तरी कुंडी पूर्ण सुकली का? एसीचा किंवा गार वाऱ्याचा झोत येतो का? आणि जवळ पिकलेली फळं ठेवली आहेत का? ब्रोमेलिएडला फुलवणारा इथिलीनच ऑर्किडच्या कळ्या गाळतो. जास्वंदीच्या बाबतीत पाचवी गोष्ट म्हणजे फुलकिडे. गळालेली कळी पांढऱ्या कागदावर फोडून झटका, बारीक लांबट किडे पळताना दिसतील. व्हायोलेटच्या पाकळ्यांवर पिवळे परागकण सांडलेले दिसले तर तिथेही तेच.

पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खाली पुसटशी जाळी, म्हणजे लाल कोळी. कोरड्या, उबदार हवेत ती वाढते. झाड न्हाणीत नेऊन पानं खालून जोरदार पाण्याने धुवा. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून काढा. मग संध्याकाळी, एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि मऊ साबणाचे काही थेंब एकत्र करून फवारा. फुलांवर आणि व्हायोलेटच्या लवदार पानांवर फवारू नका. एकदा फवारून थांबणं ही नेहमीची चूक आहे. अंडी त्यातून वाचतात, म्हणून दर सहा-सात दिवसांनी निदान चार वेळा.

कुंडीभोवती घोंघावणारी चिलटं दिसली तर ती ओल्या भरणात वाढतात हे लक्षात घ्या. वरचा इंचभर थर सुकू द्या आणि पिवळा चिकट सापळा लावा.

पायरी ९: फुलं गेल्यावर

फॅलेनॉप्सिसची शेवटची पाकळी गळाली की दांड्याकडे बघा. तो सुकून तपकिरी झाला असेल तर तळातून कापा. हिरवा असेल आणि झाडाला चार-पाच टणक पानं असतील तर खालून तिसऱ्या पेराच्या किंचित वर कापा, त्या पेरातून पुन्हा छोटा फाटा फुटू शकतो. पानं दोन-तीनच आणि सुरकुतलेली असतील तर दांडा हिरवा असला तरी काढून टाका. झाडाला पुढच्या वर्षासाठी ताकद साठवू द्या. साल मऊ पडून तिचा चुरा व्हायला लागला असेल, साधारण दर दोन वर्षांनी तसं होतं, तर भरण बदलायची वेळ हीच.

ब्रोमेलिएडचं मूळ झाड फुलल्यावर हळूहळू वाळत जातं, पण बुडाशी पिल्लं फुटतात. ती आईच्या उंचीच्या निम्म्याइतकी होईपर्यंत तोडू नका. मग धारदार सुरीने, मुळं असलीच तर त्यांच्यासकट वेगळी करा, जखम एक दिवस सुकू द्या आणि सालीच्या भरणात लावा. व्हायोलेटची सुकलेली फुलं देठासकट काढा, खालची म्हातारी पानं काढत राहा. त्यातलंच एक निरोगी पान देठ दोन सेंटिमीटर ठेवून तिरकं कापा आणि ओलसर परलाइटमध्ये खोचून ठेवा. दीड-दोन महिन्यांत बुडाशी कानातल्या कुड्यांएवढी रोपं दिसतील. ती वेगळी करून लावली तर आठ-नऊ महिन्यांत फुलतात.